टेकाडावरचं कोरडं घर

आमच्याकडे पाहुणे आले की जेवणं झाल्यावर मुलं हमखास म्हणतात, "आई, बंगल्याची गोष्ट सांग." बंगला हा शब्द माझाच. दोन खोल्या, पुढे पडवी, वर सिमेंटचे पत्रे आणि पायाखाली कोबा, एवढ्या ऐवजाला मी लग्नानंतर काही वर्षांनी बंगला म्हणत होते आणि शहापूरकडे माहेरी गेले की ज्याला त्याला ऐकवत होते. मुलं माझा तेवढा तोरा ऐकतात, हसतात आणि मध्येच उठून जातात. पुढचा भाग मी फारसा कुणाला सांगत नाही. तो लिहून ठेवावा असं अलीकडे वाटायला लागलंय.

माझं सासर म्हणजे भंडाऱ्याकडच्या अड्याळच्या बाजारापासून बैलगाडीच्या वाटेवरचं गाव. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून धानाची शेतं आणि त्याच पाळीच्या पायथ्याशी आमचा कोष्टीपुरा. आम्ही जातीचे विणकर. पण माझ्या वडिलांच्या घरातला माग त्यांच्या वडिलांनीच मोडला होता आणि आमच्याकडे शेती होती. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा मला विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच आठवड्यात मला रहाटासमोर बसवलं आणि धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायला सांगितलं. मी भरलेल्या कांड्या बघून त्यांनी मामाजींना हाक मारली.

"अवो, पाहा तरी. सुनबाईनं बटाटे भरून ठेवले."

मामाजी, माझे सासरे, मागावर बसले होते. आमचे माग खड्ड्याचे. जमिनीत कमरेइतका खड्डा, विणणारा त्याच्या काठावर बसणार, पाय खाली सोडून पावड्या दाबणार. त्यांनी तिथूनच मान वळवली आणि म्हणाले, "राहू दे. बटाट्याचं लुगडं विणून देतो. बाजारात नवीन काही तरी जाईल."

त्या घराबद्दल सांगायचं तर ते आमचं नव्हतंच. अख्खा कोष्टीपुरा गावच्या जुन्या मालकांच्या, म्हणजे मालगुजारांच्या, खोल्यांत भाड्यानं राहायचा. मातीच्या भिंती, कवेलूचं म्हणजे कौलांचं छप्पर, आणि तलाव भरला की पाळीखालून पाणी झिरपून थेट जमिनीत. सावन लागला की चुलीजवळची माती बोटानं दाबली तर बोट आत जायचं. सतरंजी सकाळी उचलली की तिच्याखाली ओला डाग. भिंतीला पांढरी बुरशी यायची. मी ती पुसायची, ती परत यायची, आणि आम्हा दोघींत शेवटी तीच जिंकली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण आत्याबाईंना दमा होता. पावसाळ्यापासून थंडी सरेपर्यंत त्या आडव्या होऊ शकत नसत. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपायच्या. त्यांचा श्वास आत जाताना बारीक शिटी वाजायची. शेजारच्या खोलीतून मला ती ऐकू यायची आणि थांबली की मी घाबरून उठून बघायची.

मामाजी ग्रामपंचायतीचे सदस्य होते. कोष्टीपुऱ्यातून एकटेच निवडून आलेले. बाकी सगळे शेतकरी, सरपंचही धानवाले. त्या काळात गरिबांना घरं द्यायची सरकारची योजना निघाली होती. जागा पंचायतीनं काढून द्यायची, बांधायचं सामान सरकार देणार, मजुरी आपली आपण. आमच्या पंचायतीनं ठरवलं की पहिली घरं विणकरांना. हे घडवून आणलं मामाजींनी. आणि घरं कुठे, कशी, हेही पंचायतीनं त्यांनाच विचारलं. विचारलं नाही असं मी म्हणणार नाही.

सरपंच भला माणूस. त्यांनी पाळीखालचा एक पडीक तुकडाही दाखवला होता. मामाजी म्हणाले, "नाही भाऊ. जल्म गेला वलीत. आता द्यायचं तर टेकाडावर द्या."

गावाच्या उत्तरेला मुरमाचं टेकाड होतं. गवत सोडून काही उगवायचं नाही. पाऊस पडला की घटकाभरात जमीन कोरडी ठणठणीत. शेतकऱ्याच्या लेखी घर म्हणजे धान ठेवायची आणि पाठ टेकायची जागा. ती जितकी उंच, जितकी कोरडी, तितकी चांगली. सरपंचांना मागणी एकदम पटली. मामाजींनी आणखी एक गोष्ट मागून घेतली. खाली माती नको, कोबा पाहिजे. गावात कोबा फक्त मालकांच्या वाड्यात आणि दवाखान्यात होता. तोही मंजूर झाला. त्या दिवशी ते पंचायतीतून आले ते पायरीवरच उभे राहून आत्याबाईंना म्हणाले, "तुह्या पाठीले आता ओल लागत नाही."

आत्याबाई म्हणाल्या, "आधी होऊ तर द्या."

झालं. दीड-दोन वर्षं लागली, पण झालं. कोष्टीपुऱ्यातल्या माणसांनी स्वतः विटा वाहिल्या. हे, म्हणजे माझे पती, सिमेंट कालवता कालवता सगळ्यांना सल्ले द्यायचे आणि शिव्या खायचे. मी डोक्यावर पाणी वाहिलं आणि एका दगडाला अडखळून घागरीसकट सरपंचांच्या पुढ्यात जाऊन पडले. गृहप्रवेश माझा असा झाला.

थंडीच्या सुरुवातीला आम्ही वर राहायला गेलो. पहिल्या आठवड्यात मी तो कोबा इतका पुसला की आत्याबाई म्हणाल्या, "घास नको इतकी, झिजून जाईल ना व." आणि मग एका सकाळी मी उठले तर त्या आडव्या झोपलेल्या. कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, लहान मुलासारख्या. शिटी नाही. मी जवळ जाऊन पाहिलं, श्वास शांत चालला होता. मी यांना उठवून आणलं, यांनी मामाजींना आणलं आणि आम्ही तिघं दारात उभं राहून एका झोपलेल्या बाईकडे बघत राहिलो. त्यानंतर मी माहेरी गेले आणि बंगला हा शब्द वापरला. आजही मला त्याची लाज वाटत नाही.

मागाचं काय, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता असं नाही. मामाजी म्हणायचे, खड्डा काय, कोठंही खोदू. बाहेरच्या खोलीतला कोबा त्यांनी आणि यांनी मिळून छिन्नी-हातोड्यानं फोडला. तो आवाज माझ्या दातांत जायचा. खाली मुरूम लागला. कुदळ उडायची, ठिणगी पडायची. शेवटी खड्डा झाला. माग बसला, ताणा चढला, आणि मामाजी पाय सोडून बसले. पहिलं लुगडं बरं उतरलं, कारण थंडी होती आणि हवेत अजून थोडी ओल होती.

फाल्गुनापासून धागे तुटायला लागले.

सुताला ओल लागते. हे वाक्य आता मी किती सहज लिहिते. पाळीखालच्या खोल्यांत ती ओल खड्ड्यातून, भिंतींतून आपोआप यायची आणि धागा नरम ठेवायची, म्हणून कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती. टेकाडावर खड्ड्याच्या भिंतींना हात लावला तर पांढरी धूळ. वरून पत्रा तापायचा. कांजी लावलेला धागा काडीसारखा व्हायचा आणि फणी आदळली की टप्पकन तुटायचा. मामाजी गाठ मारायचे, दोन हात मारायचे, परत टप्प. एरवी मागाचा आवाज एकसारखा येतो. त्या उन्हाळ्यात तो अडखळत यायचा, बोलता बोलता माणसाला शब्द आठवू नये तसा.

"काहून तुटून राहिला एवढा?" मी एकदा मूर्खासारखं विचारलं.

मामाजी गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "कारण मी शहाणा हाय."

आम्ही काय काय केलं. गोणपाट भिजवून खिडकीला लावले. खड्ड्यात घागरी ओतल्या. मुरूम ते पाणी पिऊन टाकायचा आणि वर पुन्हा कोरडा. पाणी आणायचं तलावावरून, टेकाड चढून. मी आणि आजूबाजूच्या बायका दिवसभर पाणी वाहायचो, ते जमिनीला पाजायचो, आणि जमीन आभारही मानायची नाही. ओलं सूत मग कुजायला लागलं, तेही एक. टेकाडावरच्या प्रत्येक घरात हेच चाललं होतं आणि प्रत्येक घरातला माणूस संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसायचा. भांडायला नाही. नुसता बसायचा. मामाजींना त्यापेक्षा भांडण परवडलं असतं.

एकजण मात्र बोलला. यांचा चुलतभाऊ. पडवीच्या खांबाला टेकून म्हणाला, "काका, घर तं मस्त भेटलं. आता खायले काय, कोबा?"

आत्याबाई आतून म्हणाल्या, "त्याले चाय दे व." मी दिला.

मामाजींनी पंचायतीत नवा विषय मांडला. पाळीखाली तो जो तुकडा सरपंचांनी आधी दाखवला होता, तिथे एक लांब छप्पर उभारून द्या, मातीचं, कवेलूचं, कोबा नको. सगळ्यांचे माग तिथे बसतील. राहायला टेकाडावर, विणायला खाली. सरपंचांनी नाही म्हटलं नाही. ते तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले आणि तिथून थेट आमच्याकडेच, ग्रामसेवकाला घेऊन. मी आत चहा ठेवला होता, दार उघडं होतं.

"साहेब म्हणते, घरकुल रहिवासाचं हाय," सरपंच म्हणाले. "धंद्याचं खातं वेगळं. तिकडे अर्ज करा."

"तिकडे केला तं?"

ग्रामसेवक म्हणाला, "तिकडचे म्हणतील, विणकर संस्था काढा आधी. आणि दुसरी गोष्ट, मामा, तुम्ही कोबा फोडला, हे मी पाह्यलंच नाही असं समजतो. घर अजून सरकारच्या नावानं हाय."

मग सरपंच हळूच म्हणाले, "राग नको मानू, भाऊ. घर मागतानी तू म्हटलं, ओल आहे म्हणून मरून राहिलो. औंदा म्हणतो, ओल नाही म्हणून मरून राहिलो. मी साहेबाले कोणत्या तोंडानं सांगू?"

मामाजी म्हणाले, "दोन्ही खरं हाय."

"खरं हाय, पण कागदावर कसं लिहू?"

या संभाषणात कोण चुकलं, हे मी पुष्कळ वर्षं शोधत होते. सरपंच चुकले नाहीत. ग्रामसेवकानंही डोळेझाकच केली. मामाजींनी तर बायकोच्या श्वासासाठी घर मागितलं, त्यात काय चूक. पण तेवढ्याच विटांत एक खोली उंच कोब्याची आणि एक पाळीखाली मातीची झाली असती. किंवा विटा-पत्रे लोकांच्या हाती देऊन म्हटलं असतं की बाबांनो, तुमचं तुम्ही बांधा, फक्त जागेचा कागद आम्ही देतो. घर देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी, दोघांनीही माणूस झोपतो कुठे एवढंच पाहिलं. तो दिवसभर बसतो कुठे, हे पाहायचं राहून गेलं. मी तर कोबा पुसण्यात दंग होते, माझं तर सोडाच.

पुढच्या पावसाळ्याआधी एकेक घर बंद व्हायला लागलं. चुलतभाऊ नागपूरला यंत्रमागावर गेला, आणखी दोघं त्याच्या मागे. काहीजण विडीच्या पानाला लागले. एकानं नाकाडोंगरीकडे खाणीवर काम धरलं आणि मागाची लाकडं जाळायला देऊन गेला. मामाजी मात्र मागाशिवाय राहू शकणारे नव्हते. ते जुन्या मालकांकडे गेले आणि आपलीच जुनी खोली परत मागितली. तोवर तिच्यात गुरांसाठी धानाचं तणीस भरलं होतं. मालकांनी तणीस काढायला लावलं आणि भाडं वाढवून खोली दिली.

मामाजी खाली राहायला लागले. दिवसा विणायचे आणि तिथेच पडायचे, कारण गुडघ्यांना रोज टेकाड चढवत नव्हतं. आम्ही वर. जेवण मी घेऊन जायची. खाली माग पुन्हा एकसारखा वाजायला लागला होता. पाळीवरून उतरतानाच तो ऐकू यायचा, आणि मला चांगलंही वाटायचं, वाईटही वाटायचं. कांड्या मी भरून न्यायची. आता बटाटे होत नव्हते. पण मामाजी आता त्यावर काही बोलतही नव्हते.

आत्याबाई वर पडवीत बसून असायच्या. तब्येत अशी की गावातल्या बायका म्हणायच्या, म्हातारी उजळली. त्यांचं लक्ष मात्र सगळं खाली. जेवणाचा डबा परत आला की उघडून बघायच्या, किती उरलंय. एका दुपारी त्यांनी आपली सतरंजी गुंडाळली, लुगडी बांधली आणि मला म्हणाल्या, "मी जाऊन राहिली खाली."

मी म्हटलं, "आत्याबाई, तिथं पावसात तुमचा श्वास राहणार नाही."

"मालूम हाय."

"मग कायले?"

त्या गाठोड्याची गाठ आवळत होत्या. म्हणाल्या, "इथं श्वास मस्त येते, बाई. पण मी इथं बसून नुसता श्वासच घेऊन राहिली. तिकडे तो माणूस अर्धं जेवते."

मी यांना बोलावलं. हे खूप बोलले, रागावलेही. मामाजींना निरोप गेला, ते काठी टेकत वर आले आणि पडवीत उभे राहून म्हणाले, "येऊ नको. मी सांगतो म्हणून येऊ नको." आत्याबाई म्हणाल्या, "तुमचं ऐकूनच तं टेकाडावर आली." मग त्यांनीच गाठोडं उचललं आणि दोघं उतरत गेले, पुढे ते, मागे त्या.

पहिला पावसाळा निघाला. शिटी परत आली, उशी परत भिंतीला लागली. त्या दिवसा कांड्या भरायच्या, माझ्याकडचं काम त्यांनी काढून घेतलं. दुसऱ्या पावसाळ्यात पोळ्याच्या सुमारास आम्ही त्यांना बैलगाडीतून अड्याळला, तिथून भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, यांना कोरड्या जागी ठेवा. हे म्हणाले, "आहे ना साहेब, कोरडं घर आहे आमच्याकडे." परत येताना आम्ही त्यांना टेकाडावरच आणलं. पण आता उशीर झाला होता. कोरड्या हवेनंही काही फरक पडेना. त्या गेल्या तेव्हा कोब्यावर सतरंजी होती, आणि सतरंजीखाली डाग नव्हता. हे मी पाहिलं. का पाहिलं, माहीत नाही.

मामाजींनी त्यानंतर माग मोडला. खालची खोली सोडली आणि आमच्याबरोबर वर राहायला आले. पंचायतीत ते आणखी एक खेप निवडून आले, म्हणजे कुणी विरोधात उभंच राहिलं नाही. बैठकीला जायचे, मागच्या भिंतीशी बसायचे. घरी आले की काय झालं ते सांगायचे नाहीत.

ऐंशीच्या दशकात कधीतरी, हिवाळ्यात, तालुक्याहून एक नवीन साहेब आले. तरुण होते. पुढच्या घरकुलांसाठी जुनी घरं बघायची, राहणाऱ्यांना विचारायचं, मग नकाशा करायचा, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. राहून झाल्यावर असं विचारणारा तो पहिला माणूस. टेकाडावरची निम्मी घरं कुलूपबंद होती, म्हणून सरपंचांनी त्यांना आमच्याकडे आणलं. साहेब पडवीत बसले. वही नव्हती, काही नव्हतं, सरळ मामाजींकडे वळून म्हणाले, "बाबा, तुम्ही पंचायतीत होता तेव्हापासूनचं हे घर. खरं सांगा, काय चुकलं? पुढच्यांना कसं देऊ?"

मी दारात चहा घेऊन उभी होते. मला वाटलं, आता सांगतील. ओल, सूत, पाळीखालचा तुकडा, सगळं. सरपंचही मान खाली घालून वाट बघत होते.

मामाजींनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग कोब्याकडे. तळहात त्यावर टेकवला, जसा कुणाच्या पाठीवर ठेवावा तसा. आणि म्हणाले, "घर लय चांगलं आहे, साहेब. ओल येत नाही."

साहेबांनी आणखी विचारून पाहिलं. मामाजी तेवढंच म्हणाले. चुकलं असं म्हणायचं तर आत्याबाईंच्या त्या एका थंडीतल्या झोपेलाही चूक म्हणावं लागलं असतं, असं काही त्यांच्या मनात असेल, असं मला आता वाटतं. त्या वेळी मला फक्त राग आला. मी ट्रे खाली ठेवला आणि साहेबांशी बोलायला तोंड उघडलं, पण परक्यांदेखत सासऱ्यांपुढे सून बोलत नसे आणि मी तर बंगल्याची मालकीण. मी म्हटलं, "साखर बरोबर आहे ना?"

ते हो म्हणाले. पुढच्या वर्षी टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर दुसरी ओळ उभी राहिली. उंच जोतं, सिमेंटचे पत्रे, कोबा. ती तलावाकाठची माती वाहणाऱ्या कुंभारांना दिली.